दोन-आठचा हात

२ नोव्हेंबर २००६, गुरुवार

ही वही मला दहावीत शाळेतून पहिली आल्याबद्दल बक्षीस मिळाली होती. सहा वर्षे ती कोरी राहिली, कारण लिहून ठेवावे असे माझ्या आयुष्यात काही घडलेच नाही. आज घडले. मला नोकरी लागली.

दर्यापूरच्या मनोविकार उपचार केंद्रात मी नोंद-सहायक झाले आहे. दोन-तीन वर्षांपासून आमच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या मरणांच्या बातम्या दूरदूरच्या वर्तमानपत्रांत छापून येऊ लागल्या. मग समित्या आल्या, आणि समित्यांच्या मागोमाग एका ट्रस्टने हे केंद्र उघडले. तीन खोल्या, एक ओसरी आणि एक जीप. जीपच्या दोन्ही अंगांवर केंद्राचे नाव फूटभर अक्षरांत रंगवलेले आहे. व्यवस्थापक खुशालराव नेहमी केंद्रात असतात. डॉ. शाकीब अकोल्याहून फक्त गुरुवारी येतात आणि एका दिवसात साठ रुग्ण तपासतात.

माझ्याकडे लोखंडाच्या दोन पेट्या आहेत. एकीवर ‘उपचार चालू’ असे लिहिले आहे, दुसरीवर ‘सुधारणा’. प्रत्येक रुग्णाचे एक कार्ड, आणि ते योग्य पेटीत ठेवणे हे माझे काम. माणसांशी बोलायचे म्हटले की माझी वाक्ये अर्ध्यावरच तुटतात. कार्डे बोलत नाहीत, डोळ्यांत पाहत नाहीत. हे काम मला जमेल.

संध्याकाळी मूर्तिजापूरला घरी आले तेव्हा आई हार ओवत होती. आम्ही माळी, बाबा मळ्यातून झेंडू-शेवंती तोडून आणतात आणि आई हार करते. मी नोकरीची बातमी सांगितली. “बरं झालं वं,” ती म्हणाली, आणि सुई पुन्हा फुलात घातली. तिला अधिक आनंद होईल असे वाटले होते. दिवाळीपासून ती थकलेली असते, हे विसरून चालणार नाही. वरणात मीठ नव्हते. बाबांनी काही न बोलता वरून घेतले.

९ नोव्हेंबर, गुरुवार

‘सुधारणा’ या पेटीविषयी मला शंका आहे. तिच्यात दोनशे बारा कार्डे आहेत. पैकी कित्येकांवर पहिल्या भेटीनंतर काहीच लिहिलेले नाही. शेवटी फक्त खुशालरावांच्या तिरप्या अक्षरातला ‘सुधारणा’ हा शब्द. जेवणाच्या सुट्टीत धीर करून त्यांना विचारले.

“हे लोक पुन्हा आलेच नाहीत का, सर?”

“नाई.”

“मग सुधारणा कशी समजायची?”

खुशालराव डब्यातली मिरची बाजूला काढत म्हणाले, “तुमी टॉपर ना? मंग डोकं चालवा. दुखणं राहिलं असतं तं आले नसते काय? दात दुखते तोवर मानूस दातवाल्याकडे जाते. थांबला, म्हनजे दात थांबला.”

उत्तर सुचले ते परतीच्या शकुंतला रेल्वेने दर्यापूर सोडून निम्मी वाट गाठली तेव्हा. दातदुखी माणसाला उठवून वैद्याकडे नेते. हा आजार माणसाला उठूच देत नाही. हे वाक्य चांगले आहे. ते त्यांच्यासमोर का सुचले नाही?

१६ नोव्हेंबर, गुरुवार

मोजले. दोनशे बारांपैकी एकशे एकतीस जण दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला आलेच नाहीत.

डॉक्टरांना आकडा दाखवला. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. “या गोळीचा गुण यायला तीन आठवडे लागतात. पहिले आठ दिवस उलट तोंड कोरडं पडतं, पोटात कालवतं. हे नीट समजावायला माणसामागे दहा मिनिटं हवीत. माझ्याकडे चार आहेत. पेशंट आठ दिवस वाट पाहतो आणि गोळ्या उकिरड्यावर टाकतो. आपल्याकडे त्यालाच सुधारणा म्हणतात, वर्षाली मॅडम.”

त्यांनी पुढच्या रुग्णाला हाक मारली. मी पेटीकडे परत आले.

सर्वांत वरचे कार्ड क्रमांक ८७ चे आहे. जमुना, वय सव्वीस, दोन मुले. डॉक्टरांच्या बारीक अक्षरात: ‘झोप नाही, जेवण सुटले, मरणाचे विचार.’ त्याखाली खुशालरावांचे: ‘सुधारणा.’ मी ते कार्ड पुन्हा पहिल्या पेटीत ठेवले. माझ्या आयुष्यातली ही पहिली आज्ञामोड असावी.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

मी चूक केली आहे आणि ती मोठी आहे.

न आलेल्यांच्या घरी जाऊन विचारपूस करावी, असा लेखी अर्ज मी दिला. बोलायचे नसले की माझे अर्ज फार चांगले उतरतात. खुशालरावांनी तो मान्य केला आणि जीप दिली. पहिले घर जमुनाचे निवडले.

जीप थेट तिच्या दारात उभी राहिली. ड्रायव्हरने सवयीने हॉर्न दिला. क्षणात गल्ली भरली. पोरे जीपवरची अक्षरे मोठ्याने, सुटी सुटी करून वाचू लागली: म-नो-वि-का-र. जमुनाची सासू बाहेर आली. आधी तिने जीपकडे पाहिले, मग माझ्याकडे.

“इथं काहून उभी केली ही गाडी?”

“जमुनाताईंची तब्येत...”

“चांगली हाये तिची तब्येत! माह्या पोरीले पाहाले इतवारी पाहुने येऊन राहिले, अन् तू दारात येडपटाची गाडी लावतं? कोनाचं वाईट केलं वं आमी तुह्यं?”

दाराच्या फटीत एक चेहरा दिसला आणि नाहीसा झाला. तीच जमुना असावी.

परतीच्या वाटेवर ड्रायव्हर म्हणाला, “आता उद्या कोनत्या गावाले?”

३० नोव्हेंबर, गुरुवार

पाहुणे आलेच नाहीत. जमुनाला तिच्या माहेरी, अकोटला, पाठवून दिले आहे. हे मला रजियाबीकडून कळले.

रजियाबी बांगड्या विकते. डोक्यावर टोपली घेऊन दर्यापूरच्या आसपासची वीसेक गावे पायी आणि जीपने फिरते. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. तेव्हापासून झोप नव्हती, म्हणून ती इथे येऊ लागली आणि न चुकता येत राहिली. तिची गोळी आता अर्ध्यावर आली आहे. आज डॉक्टरांकडून बाहेर पडल्यावर ती माझ्या टेबलासमोर टोपली ठेवून उभी राहिली.

“जीप घेऊन तूच गेली होती ना बेटा?”

मी मान खाली घातली.

“अरी, ज्याले लोक सात कपड्यात झाकून ठेवतेत, त्याच्या दारात जाऊन तू बँड वाजवला!”

“माझं चुकलं, चाची.”

“चुकलं तं चुकलं. रडू नको, शाई फैलते.” ती खाली बसली. “त्या जमुनाले दसऱ्याच्या टायमाले मी दोन-सहा भरली. दिवाळीले दोन-चार भरली, अन् ते बी ढिली. जवान बाईचा हात असा उतरत नाई, जेवन सुटल्याबिगर.”

दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ ही बांगड्यांची मापे. आकडा मोठा, तसा हात भरलेला. मी विचारले, “तुम्हाला सगळ्या बायकांचे हात आठवतात?”

“तुले कविता पाठ राहते ना? मले हात.”

७ डिसेंबर, गुरुवार

आठवडाभर एका प्रश्नाने मला छळले. कार्डावरची नावे मी बाहेरच्या कोणालाही सांगू शकत नाही. तो रुग्णाचा विश्वासघात होईल. आणि रजियाबी ज्या दारात जाते, तिथे मी जाऊ शकत नाही. हे सारे मी तिला नीट, मुद्देसूद समजावून सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “तू नाव सांगूच नको. मीच सांगते ना तुले. ह्या ह्या गावात अमकीचा हात उतरला, तमकीनं यंदा हातच पुढे केला नाई. तुह्या डब्यात कोण आहे, कोण नाई, ते तू पाहा. मले काय करायचं?”

तीन वर्षे मी मानसशास्त्र शिकले. इतका साधा उपाय मला सुचला नाही.

दुसरी गोष्टही तिनेच सुचवली. दर गुरुवारी ती आमच्या ओसरीवर बांगड्या मांडून बसणार. म्हणजे दवाखान्यात येणाऱ्या बाईला घरून निघताना सांगता येईल: बांगड्या भरायला चालले. बांगड्या भरायला जाणाऱ्या बाईला वऱ्हाडात कोणती सासू अडवते?

डॉक्टर म्हणाले, “बसू द्या. आपला वजनकाटा आठ महिने बंद आहे. हा काटा त्याच्यापेक्षा बरा.”

खुशालराव म्हणाले, “दवाखाना हाये का मीनाबाजार?”

२१ डिसेंबर, गुरुवार

आज ओसरीवर सतरा बायका होत्या. पैकी सहा आमच्या जुन्या, ‘सुधारणा’ पेटीतल्या. रजियाबी हात चोळत चोळत, अंगठ्याच्या मुळाशी दाबत बांगडी चढवते आणि तेवढ्यात सगळे सांगून टाकते: “गोळी लगेच काम नाई करत. तीन बाजार होऊ दे. तिसऱ्या बाजारापर्यंत फेकायची नाई, मंग माह्याशी भांड.” तीन आठवडे म्हटले तर कोणी मोजत नाही, आठवड्याचे तीन बाजार प्रत्येकीला मोजता येतात. मी हे सूचनापत्रात तसेच लिहिले. ‘एकवीस दिवस’ खोडले.

मी तिला विचारले, “आणि ज्या बांगड्या भरत नाहीत, त्यांचं काय?” विचारल्यावर तिच्या मोकळ्या मनगटांकडे माझे लक्ष गेले आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

ती शांतपणे म्हणाली, “त्यांच्या घरी मी पानी प्यायले थांबते. टोपली खाली ठेवते अन् ऐकते. त्यांच्या दारातून बांगडीवाली बी सरळ निघून गेली, तं मंग कोण येते?”

घरी आले तेव्हा बाबा कुरकुरत होते. मंदिरातून हार परत आले. मध्ये मध्ये नुसता दोरा दिसतो म्हणे. आई म्हणाली, “डोळे गेले माहे.” तिला चष्मा करून द्यायला हवा. ती पहाटे तीनलाच उठून बसलेली असते, त्यानेही डोळ्यांना ताण पडत असेल.

१४ जानेवारी २००७, रविवार

संक्रांत. माझ्या आग्रहावरून रजियाबी खास आमच्याकडे मूर्तिजापूरला आली. शेजारच्या माणिकबाईही आल्या, तिळगूळ झाला. बऱ्याच दिवसांनी घरात माणसे बोलत होती. आईच तेवढी चुलीपाशी बसून होती. तिला ओढून आणावे लागले.

“हिचा हात दोन-आठचा,” मी ऐटीत सांगितले. लहानपणी तिच्या बांगड्या मी पार खांद्यापर्यंत चढवत असे.

रजियाबीने आईचा हात हातात घेतला आणि बराच वेळ नुसता धरून ठेवला. मग दोन-आठची जोडी बाजूला सारून तिने दोन-चारच्या हिरव्या बांगड्या काढल्या. त्या न दाबता, न चोळता गेल्या. सणामुळे तिच्याकडच्या मोठ्या मापाच्या संपत आल्या असतील, गिऱ्हाइकांसाठी राखल्या असतील.

“झोप लागते का बाई?” तिने विचारले.

“फुलवाल्याले कायची झोप?” आई म्हणाली. माणिकबाई हसल्या, बाबा हसले, मीही हसले.

निघताना रजियाबी मला दारात म्हणाली, “बेटा, तू लई हुशार आहे. दवाखान्यात लिहितं, तसं घरचं बी लिहित जा.”

मी तिला सांगितले की मी घरी नेमाने लिहिते.

१८ जानेवारी, गुरुवार

आजचा दिवस जसा घडला तसा लिहिते.

साडेअकराला रजियाबी थेट डॉक्टरांच्या खोलीत शिरली. तिची लेक यास्मीन अकोटला दिलेली आहे. तीही बांगड्या विकते. तिचा निरोप आला होता. जमुनाने हातातल्या सगळ्या बांगड्या उतरवून भाचीला दिल्या, ठेवणीतली लुगडी बहिणीला दिली, आणि म्हणाली, “मले आता काय करायच्या?”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवले. एकेक वस्तू वाटून टाकणाऱ्या माणसाने काय ठरवलेले असते, हे मी पुस्तकात वाचले होते. ते वाचताना मी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली होती. फक्त रेघ.

बाहेर एक्केचाळीस रुग्ण बसले होते. डॉक्टर ओसरीवर आले. “एका पेशंटसाठी मला आत्ता जावं लागेल. परत यायला चार वाजतील. कोणाला थांबता येणार नाही, त्यांनी सांगा.”

कोणी उठले नाही. पागोट्यातले एक आजोबा म्हणाले, “जा नं डॉक्टर. आमी काय पळून चाललो?”

खुशालरावांनी जीपची किल्ली पुढे केली. मी म्हणाले, “नाही.”

“काय नाई?”

“ती गाडी तिथे जाणार नाही.” या वेळी माझे वाक्य पूर्ण झाले.

आम्ही तिघे वडापच्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये बसून गेलो. यास्मीनने जमुनाला ‘नवे डिझाइन पाहाले चाल’ म्हणून आपल्या घरी आणून ठेवले होते. डॉक्टर तिच्यासमोर जमिनीवर बसले. मी परकर-पोलक्यातल्या मुलीसारखी कोपऱ्यात उभी होते. पाऊण तास डॉक्टर तिला मुलांविषयी विचारत राहिले. मग ती म्हणाली, “गोळीनं बरं वाटलं नाई, म्हून म्या समजली का मी बरी होनाऱ्यातली नाई.”

ती बरी होणाऱ्यातली नाही, असे तिला कोणी सांगितले नव्हते. तू बरी होशील, एवढे तीन बाजार थांब, असेही कोणी सांगितले नव्हते.

माहेरच्या गोठ्यात लपवलेली फवारणीच्या विषाची बाटली तिने स्वतः जाऊन आणली आणि यास्मीनच्या हातात दिली. डॉक्टरांनी जमुनाच्या आईला सगळे समजावले: तिला एकटे ठेवायचे नाही, गोळी आईनेच द्यायची. उद्या ते पुन्हा अकोल्याहून अकोटला जाणार आहेत.

पाचला परतलो. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस बसून होते.

८ फेब्रुवारी, गुरुवार

जमुना आईबरोबर आली. तिसरा बाजार कालच झाला. रजियाबीपुढे बसून तिने स्वतः हात पुढे केला.

“काल भाकरीले चव लागली,” ती म्हणाली, जणू एखादा अपराध कबूल करत होती.

“मंग आज दोन खाय,” रजियाबी म्हणाली.

१२ फेब्रुवारी, सोमवार

बुधवारी मुंबईहून ट्रस्टची समिती येत आहे. खुशालरावांनी मला खोलीत बोलावून दार लावून घेतले.

“ती एकशे एकतीस कार्डं सुधारणेत राहू द्या.”

“ती सुधारणा नाही, सर.”

“मले कळत नाई काय?” ते पहिल्यांदाच खालच्या आवाजात बोलले. “माह्या साल्याच्या घरी मी फास सोडवलेला हाये, पोरी. म्हून इथं बसलो. आकडा पडला तं हे लोक केंद्र बंद करतीन अन् आपला पैसा दुसऱ्या जिल्ह्यात नेतीन. मंग ह्या बायांले कोण पाहीन? तू पाहशीन?”

या प्रश्नाने मी दिवसभर अस्वस्थ आहे. ते खोटे बोलत नाहीत. केंद्र खरोखर बंद पडू शकते, आणि मग आठ परत आलेल्या, एक वाचलेली, साऱ्यांचे दार माझ्या हट्टाने बंद होईल. मी एवढी कोण?

परंतु जमुनाचे कार्ड त्यांनीच सुधारणेत टाकले होते. ती गेली असती तरी ते तिथेच राहिले असते. आमच्या कागदावर ती बरी होऊन मेली असती.

ती कार्डे मी सुधारणेत राहू देणार नाही.

१४ फेब्रुवारी, बुधवार

समितीत तिघे होते. दोन पुरुष आणि पिकल्या केसांच्या एक बाई. टेबलावर दोन लोखंडी पेट्या होत्या. खुशालराव बोलले, छान बोलले. मग बाईंनी विचारले, “रेकॉर्ड कोण ठेवतं?”

मी उठले. भाषण पाठ केले होते. त्यातला पहिला शब्दही आठवला नाही. म्हणून मी टेबलाखालून रजियाबीकडून मागून घेतलेला, कार्डांनी भरलेला पुठ्ठ्याचा खोका काढून त्या दोन पेट्यांच्या शेजारी ठेवला. त्यावर बांगड्यांचे चित्र आहे आणि काठाला चमकी लागलेली आहे.

“हे काय?”

“न आलेले,” मी म्हणाले. “एकशे एकतीस होते. नऊ परत आले. आता एकशे बावीस आहेत. हे बरे झालेत का मेलेत, आम्हाला माहीत नाही. यांना सुधारणा म्हणू नये.”

खुशालराव म्हणाले, “नवीन हाये ती. बांगड्यांच्या खोक्यात केंद्राचे कागद ठेवते!”

बाईंनी खोक्यातून एक कार्ड काढले, मग दुसरे, मग तिसरे. डॉ. शाकीब आज मुद्दाम आले होते. ते भिंतीला टेकून म्हणाले, “तिचं बरोबर आहे. डॉक्टर मी आहे, हा खोका माझ्या टेबलावर असायला हवा होता. मला आठवड्यातून दोन दिवस द्या, आणि ओसरीवरच्या त्या बाईंना रीतसर पगार द्या. नाहीतर दोन पेट्यांत कार्डं टाकायला डॉक्टर कशाला हवा?”

बाई म्हणाल्या की विचार करून कळवू. खोका बंद करताना त्यांनी बोटांना लागलेली चमकी पुसली नाही.

पाहुणे गेल्यावर खुशालरावांनी पत्र दिले. तीन ओळी: उद्यापासून कामावर येऊ नये.

घरी आले. रडले नाही. आईने फळीवरून चहाचा डबा काढायला हात वर केला. संक्रांतीच्या त्या हिरव्या बांगड्या किणकिणत थेट कोपरापर्यंत घसरल्या आणि तिथेच राहिल्या.

दोन-चारच्या बांगड्या.

मी ही वही काढून पहिल्या पानापासून वाचली. वरणात मीठ नाही. पहाटे तीनला उठून बसते. हारात नुसता दोरा. चुलीपाशी बसून राहते. “डोळे गेले माहे.” साडेतीन महिने मी माझ्या सुंदर अक्षरात हे सगळे नोंदवले, आणि प्रत्येक नोंदीपुढे मनातल्या मनात खुशालरावांचाच शब्द लिहीत गेले. रजियाबीला ते एका मनगटावरून समजले होते.

केंद्रातली कोरी कार्डे माझ्या पिशवीत होती. मी एक काढले. ‘नाव: तानुबाई. वय: शेहेचाळीस.’ मग आईजवळ जाऊन बसले आणि पहिल्यांदा, उत्तराची वाट पाहत, विचारले, “आई, तुला काय होतं?”

तिने चहाचा डबा मांडीवर घेतला. मग म्हणाली, “काई होत नाई, वर्षू. तेच तं. काईच होत नाई.”

मी कार्डावर उद्याची, गुरुवारची तारीख घातली. बाबा दारातून म्हणाले, “लोक काय म्हनतीन?”

मी म्हणाले, “बाबा, आईच्या बांगड्या पाहा.” त्यांनी पाहिल्या. मग ते अंगणात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

‘कामावर येऊ नये’ असे पत्र होते. रुग्णाच्या नातेवाइकाला येऊ नये असे कोण म्हणणार? मी आईला घेऊन दहा वाजता ओसरीवर हजर झाले. खुशालरावांनी माझ्याकडे पाहिले, आईकडे पाहिले, आणि वही पुढे ओढून स्वतः तिचा क्रमांक लिहिला. मला काही बोलले नाहीत, आईला म्हणाले, “बसा माय.”

आईला पुढच्या गुरुवारी आणि त्यानंतरच्याही गुरुवारी आणायचे आहे. तोवर डॉक्टरांचे बोलणे बायकांना समजावायला कोणी लागतेच, म्हणून मी खोका मांडीवर घेऊन रजियाबीशेजारी बसले. कोणी उठवले नाही. उठवले असते तरी मी उठले नसते.

सकाळचे एक लिहायचे राहिले. मूर्तिजापूर स्टेशनवर शकुंतलेची वाट पाहत होतो. बाबा पिशवी घेऊन पोचवायला आले होते. आईने काय सांगायचे ते मी तिच्याकडून दोनदा घोकून घेतले होते: बांगड्या भरायला चालले. इतक्यात माणिकबाई आल्याच.

“कुठं चालली वं तानू, नवं लुगडं नेसून?”

मी तोंड उघडणार, तोच आई म्हणाली, “दवाखान्यात. मनाचा डॉक्टर हाये दर्यापूरले. लोक येडी म्हनतीन तं म्हनू दे. चार महिने झाले, मले झोप नाई, भूक नाई.” आणि मग, कितीतरी दिवसांनी तिच्या जुन्या खोचक आवाजात, “येतं काय तू बी?”

मी डोळे मिटून घेतले. बाबांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

माणिकबाईंनी पदर सारखा केला. फलाटाच्या दोन्ही टोकांना पाहिले. मग आईच्या अगदी जवळ येऊन हळूच विचारले, “कोनत्या वारी बसते वं तो?”